कोयता म्हणजे किती माणसं? हिंगोलीतून समाजशास्त्र

हे बोलणं ऐकणाऱ्यांसाठी होतं, आता वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलंय. त्यामुळे मधेमधे 'बरं का', 'बघा' असं राहिलं असेल तर चालवून घ्या. वर्गात बोलायची सवय आहे, ती जात नाही.

मी हिंगोली जिल्ह्यात अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवतो. आमच्या विषयाला मुलं दोन कारणांनी येतात. एक, विज्ञानाला नंबर लागला नाही म्हणून. दोन, कुणीतरी सांगितलेलं असतं की सोपं आहे, पास होतं. जूनमध्ये पहिल्या तासाला एखादा धीट पोरगा विचारतोच, "सर, याचा उपयोग काय?" आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो होतंय, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर तिथं मोजणार. त्याला कुणी विचारत नाही उपयोग काय म्हणून. विचारूही नये, विज्ञान ते विज्ञान. पण त्याच तालुक्यातून दिवाळी झाली की माणसांनी भरलेले ट्रक निघतात, ते का निघतात हे सांगायला कुठलं यंत्र आहे? मी मुलांना म्हणतो, ते यंत्र हे. गंजलंय, पण चालतंय.

आता विषयाला येतो. एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, गावही नाही. सेनगाव तालुक्यातली एक वाडी म्हणा. २०२३-२४ ला ती माझ्या अकरावीच्या वर्गात होती. अक्षर चांगलं, उत्तर नेमकं. एकदा मी कुटुंबाचे प्रकार शिकवत होतो, विभक्त आणि संयुक्त. ती उठून म्हणाली, "सर, आमचं सहा महिने संयुक्त असतंय अन् सहा महिने विभक्त. ते कुठं लिहायचं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढं गेलो. आज वाटतं तिथंच थांबायला हवं होतं. कारण पुस्तकात न बसणारं काहीतरी तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

जून २०२४ मध्ये ती बारावीला आलीच नाही. मे महिन्यात लग्न झालं होतं. वय सतरासुद्धा पूर्ण नसावं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्या रागात थोडी शिक्षकाची घमेंडही होती. वर्षानुवर्षं मी 'सामाजिक समस्या' या प्रकरणात बालविवाहाची कारणं फळ्यावर लिहीत आलो होतो. अज्ञान, अंधश्रद्धा, रूढी, परंपरा. चार शब्द, चार गुण. दिवाळीच्या सुमारास त्या वाडीवर गेलो तेव्हा हे चार शब्द माझ्याबरोबर होते. तिच्या वडिलांना म्हणालो, तुम्हाला कायदा माहीत नाही का? २००६ चा कायदा आहे, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ ला एक फोन गेला असता तर मांडवात पोलीस आले असते.

त्या माणसानं मला आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "सर, कायदा म्हाईत हाय. तुमीच सांगा, सहा महिने पोरीला ठिवावं कुणापाशी? म्हातारी मागल्या साली गेली."

अज्ञान नव्हतं. अंधश्रद्धा तर अजिबात नव्हती. त्याच्यापाशी हिशेब होता, आणि तो त्यानं मला बोटांवर करून दाखवला. दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन बारा क्विंटल झालं, बेचाळीसशेनं गेलं. म्हणजे पन्नास हजार चारशे. बी, खत, फवारणी, मळणी काढली तर निम्मंही हातात नाही. वर जुनं देणं. मग मुकादमाकडून उचल घ्यायची, जोडीला एक लाख. आणि ती फेडायला नवरा-बायकोनं चार-पाच महिने सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगावकडं जायचं.

शहरात ऐकणाऱ्यांसाठी जरा थांबून सांगतो. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे हत्यार, आणि 'कोयता' म्हणजे जोडीसुद्धा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. उचल कोयत्यावर, मजुरी टनावर, आणि दोन्ही बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईनं मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या. तिच्या नावानं वेगळा रुपया नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. वाढ चांगली होती, नाही म्हणत नाही. पण गुणाकार करून बघा. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये. एकही खाडा न करता १३० दिवस काम केलं तर ९५ हजार १६०. उचल होती एक लाख. म्हणजे साखर कारखान्याचं धुराडं बंद झालं तेव्हा हा माणूस चार हजार आठशे चाळीस रुपयांनी अजून बांधलेलाच. खाणंपिणं, दवाखाना यात धरलाच नाही. वाढे विकून मीठ-मिरची भागते तेवढंच. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं.

आता कुणी म्हणेल, रोजगार हमी कशाला आहे? हा प्रश्न मीही त्याला विचारला. रोजगार हमीचा जन्मच महाराष्ट्रातला, १९७२ च्या दुष्काळात. देशाचा रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ ला सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत हिंगोली होतं. तरी ट्रक का भरतात? त्याचं उत्तर सरळ होतं. हमीवर केलेल्या कामाचे पैसे मागाहून, थोडेथोडे, बँकेत. उचल आधी, एकरकमी, हातात. घरात आजारपण निघालं, लग्न निघालं, तर लाखभर रुपये दारात आणून देणारा त्याच्या ओळखीत मुकादम सोडून दुसरा कुणीच नाही. आपण याला 'रोजगारासाठी स्थलांतर' म्हणतो. माझ्या मते ते आधी कर्जासाठीचं स्थलांतर आहे, रोजगार हे त्या कर्जाचं व्याज. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा सावकार गावातच होता. आता तो मोबाईलवर असतो, एवढाच फरक.

इथं मला सी. राइट मिल्स आठवतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, १९५९ साली त्याचं पुस्तक आलं, समाजशास्त्रीय कल्पनाशक्तीवर. त्याचं म्हणणं साधं आहे. एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाकडं बघा, त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव तपासा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर माणसाचा स्वभाव तपासून काही सापडणार नाही, व्यवस्था तपासावी लागेल. हे मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेत येतं. आणि तरी त्या वाडीवर मी एका माणसाचा स्वभाव तपासायला गेलो होतो.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली. परभणीत ४८ टक्के. बीडमध्ये ४४ च्या जवळ. आमच्या हिंगोलीत ३७ च्या आसपास. अज्ञान असं जिल्हावार वाटलेलं असतं का हो? या जिल्ह्यांचा नकाशा आणि ऊसतोड मजूर ज्या भागातून निघतात तो नकाशा एकमेकांवर ठेवून बघा. पूर्ण जुळत नाहीत, मान्य. ऊसतोडीला कधी न गेलेल्या घरांतही लवकर लग्नं होतात, त्याच्याकडं येतोच. पण बरेचसे जुळतात.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडं परत. पोरीला ठेवावं कुणापाशी? मजुरांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात. गाव सोडून जाणाऱ्या लेकरांची शाळा बुडू नये म्हणून चांगली योजना आहे, कित्येक मुलं तिच्यामुळं टिकली. पण ती आठवीपर्यंत. कारण शिक्षणहक्काचा कायदाच सहा ते चौदा वयाचा. म्हणजे बघा, पोरगी सात वर्षांची असते तेव्हा तिला सांभाळायला सरकार आहे. आणि चौदा पूर्ण झाली, आईबापाला खरा घोर लागला, की त्याच दिवशी सरकार बाजूला होतं. कुणी दुष्टपणानं केलेलं नाही हे. शिक्षणाचं वय मोजणारी फाईल वेगळी आणि लग्नाचं वय मोजणारी फाईल वेगळी. मधली चार वर्षं दोन्ही फायलींत नाहीत. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना राज्यानं मंजूर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. दिशा बरोबर आहे. त्या बापाच्या वाडीपर्यंत मात्र ती दिशा पोचलेली नव्हती.

मग पोरीला बरोबर न्यायचं का? फडावर कोपीत राहायचं. पाचट नाहीतर ताडपत्रीचं खोपटं, दार नाही, संडास नाही. आईबाप पहाटे फडात गेले की पोरगी कोपीवर एकटी, नाहीतर धाकट्या भावाला सांभाळत. मी गेल्या वर्षी जानेवारीत दोन दिवस एका टोळीबरोबर राहून आलो. रात्री गाडी भरायला बायका उठतात तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही उठतात. आई त्यांना कोपीत एकट्या ठेवत नाही. मला आधी वाटलं मदतीला नेते. मदत हे एक झालंच, पण डोळ्यांसमोर असावी हे खरं कारण. मजुरीच्या हिशेबात कोयता दोन माणसांचा. प्रत्यक्षात चार माणसं राबतात तेव्हा दोन माणसांचा कोयता चालतो.

अर्ली होक्शिल्ड नावाच्या बाईंनी २००० साली एक शब्द वापरला, जगभर पसरलेली काळजीची साखळी. फिलिपिन्समधली आई अमेरिकेत जाऊन दुसऱ्याचं लेकरू सांभाळते. तिचं लेकरू तिच्या गावात पगारी बाई सांभाळते. त्या बाईचं लेकरू तिची थोरली मुलगी सांभाळते. साखळीत खाली जाल तसा पैसा कमी होत जातो आणि शेवटच्या कडीला शून्य. चीनमध्येही हेच, आईबाप कारखान्यांच्या शहरात आणि कोट्यवधी मुलं गावी आजी-आजोबांपाशी. आमच्या वाडीवरची साखळी म्हातारीपाशी संपायची. म्हातारी गेली आणि साखळी तुटली. सासर हे त्या बापाला सापडलेलं वसतिगृह होतं. बोलायला कडू आहे, पण तो तसंच म्हणाला. "तिथं सासू हाय, दार हाय. माझ्या जिवाला घोर न्हाई."

आणि नवरा? नवराही ऊसतोडीलाच जाणारा. लग्नाआधी अर्धा कोयता, लग्नानंतर पूर्ण. उचल दुप्पट. म्हणजे त्या घरालाही लग्न हिशेबात बसणारंच होतं. ही मुलगी दिवाळीनंतर फडावर गेली, आईच्या नव्हे, नवऱ्याच्या कोयत्यात. ज्या फडापासून वाचवायला बापानं लग्न लावलं, तिथंच.

आता ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांचं बोलू. आमच्या गावागावांत तीस-पस्तिशीची, बिनलग्नाची शेतकरी मुलं आहेत. पारावर बसतात, स्टेटस ठेवतात, 'शेतकरी नवरा नको गं बाई' असले विनोद फिरतात. एक मुलगा राहिला तर म्हणू, त्याचं नशीब. गावात वीस-वीस राहिले तर मिल्स. एकीकडं मुलींना मागणी एवढी, मग अर्थशास्त्राच्या नियमानं मुलीचा भाव वधारायला हवा, बापानं थांबायला हवं, हुंडा संपायला हवा. तसं होत नाही. का?

याचं उत्तर आपल्याकडं फार जुनं आहे. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला, भारतातल्या जातींवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा असा की जात म्हणजे आपल्यातल्या आपल्यात लग्न करण्याची कोंडलेली पेटी. ती पेटी बंद ठेवायची तर आत बायका-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. जो जास्त होईल तो पेटीबाहेर जाईल, म्हणून त्याचा बंदोबस्त करावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची बालपणीच लग्नं, ही तिन्ही त्या बंदोबस्ताची साधनं. मला हा निबंध प्रत्येक वेळी चकित करतो. बालविवाहाला 'रूढी' म्हणून सोडून न देता ही रूढी काय काम करते, हा प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी विचारलाय त्यांनी. आणि आम्ही अजून फळ्यावर 'रूढी, परंपरा' लिहितो.

त्या बापालाही मी खोदून विचारलं. फक्त फडाची भीती होती का? जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हातात मोबाईल आला सर. काय इपरीत झालं तर भावकीत तोंड दाखवाया जागा न्हाई." विपरीत म्हणजे अत्याचार की प्रेम, हे त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं त्याच्या मनात दोन्ही एकच होतं. हे मात्र मी त्याच्या गरिबीच्या खात्यात टाकणार नाही. ही भीती चार एकर बागायतदाराला असते, सातवा वेतन आयोग घेणाऱ्या मास्तरलाही असते. ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांत लवकर लग्नं का होतात त्याचं कारण इथं आहे. ती मुलगी चुकून आपल्या मर्जीनं जगेल, ही भीती.

मुलींचं शरीर या हिशेबात कसं भरडतं याचं टोक बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड. एवढंच सांगतो, यावर वेगळा भाग करू.

सोयाबीनचंही थोडक्यात. त्या बापाचे बेचाळीसशे रुपये हिंगोलीच्या मोंढ्यात ठरले असं त्याला वाटतं. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता, म्हणजे तेवढाही मिळाला नाही. ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक, इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, दिल्लीतलं आयात शुल्क, हे सगळं त्या बारा क्विंटलवर बसलेलं असतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांचा भाव आपण बघितलाय, आणि बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाल्यावर काय झालं तेही. साखरेचंही तसंच. ब्राझीलच्या साओ पावलोत आता ऊस बहुतेक यंत्रानं तोडतात. आपल्याकडंही हार्वेस्टर येतोय, अनुदान आहे. कोयता सुटला तर आनंदच, पण उचल देणारा दुसरा कोण, हे ठरायच्या आत सुटला तर या वाड्यांचं काय, याचा विचार मला कुठं दिसत नाही.

एक आरक्षणाचं. २६ नोव्हेंबर २०२३ ला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर ओबीसींची सभा झाली. ६ जुलै २०२४ ला मराठा आरक्षणाची शांतता रॅली हिंगोलीतूनच सुरू झाली. दोन्हीकडं माझे विद्यार्थी होते, एकाच बाकावर बसणारे. दोघांचे बाप दोन-तीन एकरवाले, दोघांच्या घरी तेच सोयाबीन. १९४९ साली स्टूफर आणि मंडळींनी अमेरिकन सैनिकांचा अभ्यास छापला, त्यात एक गंमत निघाली. जिथं बढत्या भराभर मिळत होत्या त्या हवाई दलात बढतीबद्दल नाराजी जास्त होती, आणि जिथं बढत्या तुटपुंज्या त्या लष्करी पोलिसांत कमी. माणूस स्वतःला शेजारच्याशी मोजतो. त्या दोन मुलांना मी हे सांगितलं तर दोघंही माझ्यावर रुसले. एवढा परिणाम समाजशास्त्राचा होतो, हेही नसे थोडके.

परत त्या मुलीकडं. मला कुणी विचारेल, आधी कळलं असतं तर १०९८ ला फोन केला असता का? केला असता. लग्न थांबलं असतं. आणि दिवाळीनंतर ती कुठं राहिली असती? याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि माझ्या घरी एक खोली रिकामी होती. हे मी वर्गात सांगितलेलं नाही, इथं सांगतोय.

यंदा ऑगस्टात ती कॉलेजात आली. कडेवर पाच महिन्यांचं लेकरू, बरोबर सासू. बारावीला बाहेरून बसायचं म्हणाली. सतरा नंबरचा फॉर्म आम्ही भरला, दाखला काढला, फी भरली. विषय निवडताना समाजशास्त्र घेऊ का, असं तिनं मला विचारलं, मी म्हटलं अवघड जाणार नाही तुला. सासूबाईंनी मला एकच विचारलं, पेपर कधी आहेत?

पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. केंद्र इथं. आणि तेव्हा तिचा कोयता सीमेपलीकडच्या कारखान्यावर असणार, हंगाम भरात. ती परीक्षेला आली तर पूर्ण कोयत्याचा अर्धा होतो, उचल पूर्ण कोयत्याची घेतलेली. येण्याजाण्याचं भाडं वेगळं, दोन पेपरांच्या मधल्या दिवसांचं काय ते वेगळं, आणि अंगावरचं लेकरू आहेच. नवरा तयार आहे. मुकादम म्हणतोय, खाडे धरणार. मी त्याला दोनदा फोन केलाय, तिसऱ्यांदा दसऱ्यानंतर बोलू म्हणालाय.